सुतकाची वाट

अस्वलांना दूर ठेवायची आईची घंटी खुंटीवर होती आणि तिचे गमबूट जागेवर नव्हते.

मी खालच्या शहरातून परतले तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. घराण्याच्या समाधीवर बाबांचं नाव कसं कोरायचं ते पाथरवटाला सांगायला गेले होते. निघताना आई म्हणाली होती, "सावकाश ये. मी कुठे पळून जातेय?" आता तिचा चहाचा थर्मास नव्हता आणि पडवीतला विळाही नव्हता. आतल्या खोलीत पांढऱ्या कापडावर बाबांच्या अस्थींचा कलश होता, फोटो होता, आणि त्यांच्यापुढची उदबत्ती विझून राख गार झाली होती. एक्केचाळीस दिवसांत तिने ती विझू दिली नव्हती.

मी न्हाणीघर पाहिलं, परसातले मुळ्याचे वाफे पाहिले आणि रस्त्यावर आले. डोंगराचा माथा ढगात गेला होता. संध्याकाळी पहिला बर्फ पडेल असं रेडिओ सकाळपासून सांगत होता. या दिवसांत साडेचारला अंधार होतो.

कुरासावा अकरा घरांचं गाव. हाक मारली की सगळे येतात, आणि सगळे म्हणजे नऊ माणसं. हानझावा काका आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, देवळाच्या मंडळाचे प्रमुख, बाबांचे लहानपणापासूनचे सोबती. शिगेओ आला. तो पंचेचाळिशीचा, पण गावच्या अग्निशमन पथकात त्यालाच तरुण म्हणतात.

"घंटी न घेता किनुए-सान डोंगरात जायच्या नाहीत," शिगेओ म्हणाला. "गेल्याच महिन्यात अस्वलाने कोंबड्यांचं खुराडं फोडलं. आधी नदीकडे बघू."

"घंटी मुद्दाम ठेवली असेल," मी म्हणाले. "ती वाजली की अकरा घरांना कळतं कोण कुठे निघालंय."

"पण या वयात चोरून जायचं तरी कुठे?"

मला ठाऊक होतं. हानझावा काकांनाही असावं, कारण ते जमिनीकडे पाहू लागले.

वर डोंगरदेवीचं देऊळ आहे. बर्फ येण्याआधी त्याच्या भिंतींना बाहेरून फळ्या बांधाव्या लागतात, नाहीतर छपरावरून घसरलेला बर्फ साचून भिंती आत ढकलतो. चाळीस वर्षं हे काम बाबा आणि काका करत आले. यंदा ऑक्टोबरात बाबा गेले, काकांचे गुडघे धरले, आणि 'पुढच्या रविवारी' असं म्हणता म्हणता तीन रविवार उलटले. आदल्या दिवशी जेवताना रेडिओ ऐकून आई म्हणाली होती, "फळ्या लागल्या की नाही कुणास ठाऊक. यांना झोप नसेल."

"आई, बाबा गेले," मी म्हणाले होते.

"म्हणून काय झालं?"

पण तिला देवळात जाता येत नव्हतं. आमचं सुतक पन्नास दिवसांचं. तोवर घरातला देव्हाराही पांढऱ्या कागदाने झाकलेला असतो, आणि तो कागदसुद्धा घरच्यांनी लावायचा नसतो. काकांनी येऊन लावला होता. मी सत्तावीस वर्षं शहरातल्या ग्रंथालयात काम करते. विटाळाच्या कल्पनांवर मी बरंच वाचलं आहे आणि त्यातलं काही पटतं, काही पटत नाही. आईसाठी तो पटण्या-न पटण्याचा प्रश्नच नव्हता. कागद लावलेल्या त्या देव्हाऱ्यासमोरून जातानाही ती अंग चोरून जायची.

तरी मी म्हणाले, "ती देवळाकडेच गेली आहे."

देवळाच्या पायऱ्या जिथे सुरू होतात तिथे तोरी उभी आहे. देवदाराच्या लाकडाची, कधीच रंग न दिलेली, दोन खांब आणि वर दोन आडव्या तुळया असलेली कमान. तिच्यापलीकडे देवीची हद्द. मी कमानीशी पोचले तेव्हा काकांनी हात आडवा केला.

"मिसाओ, तू इथे थांब. नऊ दिवस राहिलेत तुझे."

"माझी आई वर असेल, काका."

"असेल तर घेऊन येतो ना. आम्ही चौघं जातोय. तू आत पाऊल टाकलंस आणि हिवाळ्यात गावात काही वाईट घडलं, तर लोक तुला बोलणार नाहीत, किनुएला बोलतील. तू शहरात निघून जाशील. तिला इथे राहायचंय."

मी थांबले.

तीनशेबारा पायऱ्या आहेत. चौघांच्या हाका वर वर जात राहिल्या. मधूनमधून शिगेओची शिट्टी वाजे. ती आईसाठी होती आणि अस्वलासाठीही. मग हाका ऐकू येईनाशा झाल्या. देवदारांच्या शेंड्यांत वारा फिरत होता. मी घड्याळ पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहत राहिले.

ते खाली आले तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"नाहीत," शिगेओ म्हणाला. तो धापा टाकत होता. "देवळाभोवती फिरलो, जोत्याखाली बॅटरी मारून पाहिलं. पायऱ्यांवरच्या शेवाळावर आमच्याशिवाय कुणाचा पाय पडलेला नाही. मिसाओ-सान, त्या इथे आल्याच नाहीत. आता नदी आणि बंधारा. सव्वा तास आहे आपल्याकडे."

"बंधाऱ्यावर ती कशाला जाईल?"

नवरा गेल्यावर एक्केचाळिसाव्या दिवशी म्हातारी बाई बंधाऱ्यावर कशाला जाते, हे त्याला माझ्या तोंडावर सांगायचं नव्हतं. बाकीचे दोघं उतारावरून निघालेही होते.

मला पाय उचलवेना. मी खाली पाहिलं. गेली चाळीस मिनिटं मी कमानीच्या डाव्या खांबापासून दोन हात अलीकडे, रस्ता सोडून, गवतात उभी होते. इथे उभं राहा असं मला कुणी सांगितलं नव्हतं. काकांनी फक्त थांब म्हटलं होतं. पायांनी जागा आपली आपण निवडली होती.

आईनेही हेच केलं असणार. ती इथवर आली, कमानीपुढे थबकली, बाजूला सरली. ती पायऱ्या चढलीच नाही, म्हणून शेवाळावर ठसे नाहीत. आणि फळ्या बघायच्या होत्या म्हणून ती परतही फिरली नाही.

मी वाकले. खांबाच्या डावीकडे खुरट्या बांबूचं रान माजलेलं आहे. त्यात, गुडघ्याच्या उंचीवर, पाच-सहा बांबू तिरके कापलेले होते. काप पांढरेशुभ्र होते, अजून ओले.

"काका!"

ते आले. त्यांनी कापावर अंगठा फिरवला आणि चेहऱ्यावरून हात फिरवला.

"सुतकाची वाट," ते म्हणाले.

"कसली वाट?" शिगेओने विचारलं.

"माझ्या आजीच्या वेळची. सुतक असलेल्यांनी कमानीतून जायचं नाही. देवीची हद्द सोडून घळीच्या कडेने वर चढायचं आणि देवळाच्या मागे, लांबून नमस्कार करायचा. साठ वर्षं झाली, कुणी गेलेलं नाही. मी विसरूनच गेलो होतो."

"तिला कशी ठाऊक?"

"तुझ्या आजीने दाखवली असणार. नव्या सुनेला बायका असल्या वाटा आधी दाखवतात." त्यांनी पुन्हा त्या बांबूंकडे पाहिलं. "दोनदा गेलो की मी इथून! जाताना आणि येताना. आमची नजर सरळ कमानीतून पायऱ्यांवर. बाजूला कोण बघतंय?"

"पुढे काय आहे त्या वाटेवर?" शिगेओने विचारलं.

"घळ. तिच्यावर दोन ओंडक्यांचा साकव होता."

"अजून आहे?"

काका घळीच्या दिशेने पाहू लागले. शिगेओने खालच्या दोघांना शिट्टी मारली, ॲम्ब्युलन्स बोलवा म्हणून ओरडून सांगितलं आणि दोर खांद्यावर घेतला.

मी पुढे झाले. ही वाट माझी होती. इथे मला कुणी अडवू शकत नव्हतं. कापलेले बांबू हाताला लागत होते, ते धरून मी चढत होते. तिने वाट नीट साफ करत नेली होती, एखाद्या वाफ्यासारखी. शंभर पावलांवर काप विरळ झाले, ओबडधोबड झाले. ती दमली होती. एका दगडावर थर्मासचं झाकण उपडं पडलं होतं. त्याच्या पुढे जमीन उजवीकडे कलली आणि पाण्याचा आवाज येऊ लागला.

मग काप संपले.

समोर घळ होती. पलीकडच्या कडेला एका ओंडक्याचं टोक अजून मातीत रुतलेलं होतं. अलीकडचं टोक नव्हतंच. खाली अंधारलं होतं.

"आई!"

पाणी वाहत होतं. मी पुन्हा हाक मारली. मग खालून आवाज आला, लोखंड दगडावर आपटल्याचा. टक्. थोडं थांबून पुन्हा, टक्.

बॅटरीच्या उजेडात आधी विळा दिसला, मग तो धरलेला हात. ती ओढ्याच्या कडेला एका खडकाला टेकून बसली होती, कंबरेपर्यंत भिजलेली.

"ओरडू नकोस," ती म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "मी ओरडून झाले. काही उपयोग होत नाही."

"कुठे लागलंय?"

"पाऊल अडकलंय ओंडक्याखाली. दुखायचं केव्हाच थांबलंय."

ते ऐकून शिगेओने दोर झाडाला बांधण्याचा वेग वाढवला. तो उतरला, त्याच्यामागून मी. काका वर दोर धरून उभे राहिले. ओंडका आम्ही दोघांनी खांदा लावून बोटभर उचलला. गमबूट पाण्याने भरून फुगला होता, तो निघेना. शिगेओने तिच्याच हातातला विळा घेऊन तो उभा चिरला.

"या वर्षीचा बूट होता," आई म्हणाली.

"बूट मिळतो, किनुए-सान. पाय मिळत नाही."

"तुझ्या आईसारखाच बोलतोस. ती पण फार बोलायची."

पाऊल सोललेल्या मुळ्यासारखं पांढरं होतं. मी ते माझ्या लोकरी टोपीत गुंडाळलं आणि दोन्ही हातांत धरलं. हाताला माणसाचं काही धरल्यासारखं वाटेना. तेवढ्यात तिच्या केसांवर काहीतरी पांढरं येऊन बसलं, मग माझ्या बाहीवर. बर्फ सुरू झाला होता.

शिगेओने वर पाहिलं, मागे पाहिलं. "आलो त्या वाटेने पाठीवर माणूस घेऊन जायचं म्हणजे दीड तास, तोही न घसरता. त्यात अंधार. समोरची कड चढलो तर पन्नास पावलांवर देवळाचं मागचं अंगण. तिथून पायऱ्या. पंचवीस मिनिटांत खाली."

"नाही," आई म्हणाली.

"किनुए-सान..."

"आले त्या वाटेने न्या."

"त्या वाटेने दीड तास लागेल, आई. तेवढा वेळ तुझ्या पायाला नाही."

"मग घोंगडी आणून द्या. सकाळी न्या."

शिगेओने काकांकडे पाहिलं. मीही पाहिलं. मंडळाचे प्रमुख तेच होते. कमानीशी मला त्यांनीच अडवलं होतं. काका वरून वाकले. "किनुए, मी सांगतो तुला, देवी समजून घेईल."

"तुम्हाला काय ठाऊक ती काय समजून घेईल?" आईचा बसलेला आवाज फाटला. "चाळीस वर्षं माझ्या माणसाने तिचं छप्पर राखलं. आणि एका सकाळी भाताच्या खाचरात उभ्या उभ्या गेला. काही चूक नव्हती तेव्हा हे केलं तिने. चूक करून तिच्या अंगणात शिरलो तर काय करेल?" तिने माझ्याकडे बोट केलं. "माझं मेलीचं काय व्हायचं ते होवो. पण ही पण सुतकात आहे. हिला नेणार तिच्यासमोरून?"

"मी आले त्या वाटेने परत जाते," मी म्हणाले. "तू शिगेओबरोबर जा."

"जमणार नाही," शिगेओ हळूच म्हणाला. "ही कड एकट्याने चढता येणार नाही मला. खालून कुणीतरी ढकलायला हवं, आणि काकांचे गुडघे..."

"ऐकलंस?" आई म्हणाली. "मग नाही."

तिने खडकाला पाठ टेकली आणि डोळे मिटले. ती थरथरत नव्हती. मघाशी, आम्ही उतरलो तेव्हा, थरथरत होती. थरथर थांबणं चांगलं लक्षण नाही हे मी कुठेतरी वाचलं होतं, आणि हे वाचलेलं मात्र लख्ख आठवलं.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. मीही बोलले नाही.

"आई, त्या दिवशी दहनानंतर आपण बाबांची हाडं कलशात भरली. आठवतंय? पायांकडून सुरुवात केली."

तिने डोळे उघडले नाहीत.

"एक हाड दोघांनी मिळून, जेवायच्या असतात तशा काड्यांनी उचलायचं. तू तुझ्या काड्यांनी एका बाजूने धरलंस, मी माझ्या काड्यांनी दुसऱ्या बाजूने. तू मला सांगितलंस, घाबरू नकोस, माझ्याबरोबर उचल. मला ना भाऊ, ना बहीण, ना नवरा. तुझं हाड मी कुणाबरोबर उचलू? दुसऱ्या बाजूला कोण धरेल?"

पाणी वाहत होतं. शिगेओने मान वळवली.

"देवीला काय द्यायचं ते उत्तर मी देईन," मी म्हणाले. "ते मला जमेल. हे दुसरं नाही जमणार."

आईने डोळे उघडले. ती म्हणाली, "काकांना म्हणावं तोंड तिकडे करा. पाठीवर चढताना माझी फजिती बघायला नको कुणी."

शिगेओने तिला दोराने पाठीला बांधलं. मी खालून दोन्ही हातांनी तिला उचलून धरलं. कड ओली होती, मुळांना धरून आम्ही एकेक पाऊल चढलो. दोनदा शिगेओचा बूट माझ्या खांद्यावर आला. वर पोचलो आणि झुडपं बाजूला केली, तर समोर देवळाची मागची भिंत होती. काळी पडलेली, उघडी. फळ्यांचा ढीग अजून जोत्याशी दोरीने बांधलेला.

मी कधीच इतक्या जवळून ही बाजू पाहिली नव्हती. हद्द कुठे लागली ते कळलंही नाही. बर्फ अलीकडे पडत होता तसाच पलीकडे पडत होता.

काका दम खात मागून आले. घळीचं तोंड वरून वळसा घालून, गुडघे धरत.

"फळ्या लागल्या नाहीत," आई शिगेओच्या पाठीवरून म्हणाली.

"रविवारी लावणार होतो."

"रविवार संपलेत वाटतं या वर्षातले?"

"आता किनुए, या वेळी तरी..."

"या वेळी नाही तर केव्हा? मी काय रोज येते इथे?"

शिगेओ हसला आणि त्याचा तोल गेला. मी मागून धरलं. आम्ही देवळाला वळसा घालून पुढे आलो. दारासमोर आल्यावर आईने गळ्यातला मफलर ओढून पूर्ण चेहरा झाकून घेतला. मला झाकता येत नव्हतं. माझे दोन्ही हात तिच्या पावलाभोवती होते. पायऱ्या उतरताना ते कशावर आपटू नये म्हणून मी शिगेओच्या बाजूने तिरकी तिरकी चालत होते. नमस्कार नाही, मान झुकवणं नाही. दार डोळ्यांच्या कोपऱ्यातून सरकून गेलं.

तीनशेबारा पायऱ्या. शेवाळावर बर्फ बसू लागला होता. काका पुढे राहून बॅटरी दाखवत होते आणि प्रत्येक वळणावर "इथे जपून" म्हणत होते. मधेच आई बोलायची थांबली. मी तिचं नाव घेऊन हाक मारली, आयुष्यात पहिल्यांदा, "किनुए-सान!" मफलरच्या आतून उत्तर आलं, "काय चाललंय हे, आईला नावाने?" त्यानंतर प्रत्येक वीस पायऱ्यांना मी तिला नावाने हाक मारली आणि प्रत्येक वेळी ती रागावली.

कमानीखाली शिगेओ थांबला नाही. काका थांबले. त्यांनी टोपी काढली, देवळाकडे वळून वाकले, आणि आम्ही पुढे गेलो तरी वाकलेलेच राहिले. त्यांच्या पाठीवर बर्फ पडत होता. खाली ॲम्ब्युलन्सचा लाल दिवा फिरत होता.

आईच्या उजव्या पायाची दोन बोटं गेली. डॉक्टर म्हणाले की अजून तासभर उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं, आणि कदाचित फक्त पाऊल नाही. शुद्धीवर आल्यावर तिने आधी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दोनच?"

"दोनच."

"देवीने घेतली."

"थंडीने घेतली, आई."

"थंडी कुणाची असते तिथे?" तिच्या कपाळावर आठी होती, हिशेब न जुळल्यासारखी. "तू कमानीखाली वाकलीस का?"

"नाही."

"देवळासमोर?"

"नाही. माझे हात मोकळे नव्हते. तुझं पाऊल होतं हातात."

"प्रार्थनेच्या टाळ्या वाजवल्या नाहीस? काही मागितलं नाहीस तिच्याकडे?"

"नाही म्हटलं ना. तुझ्या पावलाकडेच बघत होते सगळा वेळ."

तिच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली. एवढा वेळ ती याच भीतीत होती, हे मला तेव्हा कळलं. पायाचं तिला काही पडलेलं नव्हतं.

"मग तू देवळात गेलीच नाहीस," ती म्हणाली. "तू फक्त ओझं उचलून उतरलीस. हमालाला सुतक नसतं."

"असा नियम आहे?"

"आता आहे," असं म्हणून ती कुशीवर वळली आणि पांघरूण मागू लागली.